खाऱ्या तळ्याची भरती-ओहोटी



कोकणात कधी जाणे झाले असेल, तर ओहोटीच्या वेळी काळ्या खडकाच्या खळग्यांत साचलेली खाऱ्या पाण्याची डबकी तुम्ही पाहिली असतील. समुद्र मागे सरतो आणि खळग्यात हातभर पाणी ठेवून जातो. त्या पाण्यात खेकडे, शिंपले, शेवाळ, बोटभर मासे यांचा सगळा संसार चालू असतो. ऊन तापले की पाणी आटते, मीठ वाढते, जीव कासावीस होतात. भरती आली की पुन्हा सगळे ताजेतवाने.

आता तुम्ही म्हणाल, "साहेब, संग्रामपुरात बसून समुद्राच्या गोष्टी काहून सांगता?" सांगतो. काळ्या पाषाणातले असेच एक खारे डबके आपल्या बुलडाणा जिल्ह्यात आहे. डबके म्हणायचे ते गमतीने, कारण त्याचा खळगा पावणेदोन किलोमीटरहून रुंद आहे. ते म्हणजे लोणारचे सरोवर. तिथे समुद्र नाही, चंद्राच्या ओढीने येणारी भरती नाही. त्याची भरती पावसाळ्यात, ओहोटी उन्हाळ्यात, वर्षातून एकदाच. पण खळग्यात पाणी अडकणे, उन्हाने ते आटणे, मीठ मागे राहणे आणि त्या मिठातही जीवसृष्टीने तग धरणे, हा सगळा हिशेब तोच. हा हिशेब आपल्या खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याने समजून घेण्याजोगा आहे, म्हणून आजचा लेख.

मागच्या हिवाळ्यात तालुक्यातल्या वीस-बावीस शेतकऱ्यांना घेऊन मी लोणारला गेलो. वरवट बकाल, शेगाव, खामगाव, मेहकर करीत पोहोचायला दुपार झाली. काठावर उभे राहून खाली पाहिले की पहिल्यांदा कोणी बोलतच नाही. काठापासून तळ सुमारे १३७ मीटर खोल. जुने लोक याला ज्वालामुखीचे तोंड समजत. १९७३ मध्ये भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी येथील खडकांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि हे विवर आकाशातून आलेल्या उल्केच्या धडकेने झाले, ही गोष्ट पक्की झाली. धडक इतकी जबर की दगडाची काच झाली. पूर्वी याचे वय पन्नास हजार वर्षे सांगत. अलीकडच्या कालमापनाने ते पाच लाखांच्याही पुढे नेले आहे. ज्या काळ्या दगडावर आपली वऱ्हाडातली काळी माती तयार झाली, तोच हा दगड. अशा दगडात पडलेली उल्केची विवरे साऱ्या जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

खाली उतरताना झाडोरा बदलत जातो, तो लक्ष देऊन पाहावा. वर उतारावर साग आणि डोंगरी झुडपे. खाली आल्यावर चिंचा, बाभळी. काठाजवळ वेड्या बाभळीने घुसखोरी केली आहे. ती काढण्याचे काम वन विभाग करीत आला आहे. त्यानंतर उघडा राखाडी चिखल, आणि मग पाणी. समुद्रकाठच्या खडकावर जसे प्रत्येक जिवाने आपापली पायरी धरलेली असते, तसेच येथे झाडांनी धरली आहे. ज्याला जेवढा खार सोसतो, तेवढेच तो पाण्याजवळ जातो.

आमच्यातल्या एका बुजुर्गांनी चिखलात बसून पाण्यात बोटे बुडवली, चोळली आणि म्हणाले, "हे त साबणावानी लागू रायलं." अगदी बरोबर. हे पाणी नुसते मिठाचे नाही, सोड्याचे आहे. धुण्याचा सोडा आणि खायचा सोडा हे दोन्ही क्षार त्यात भरपूर, जोडीला साधे मीठ. माती परीक्षणाच्या कार्डावर 'सामू' हा शब्द तुम्ही वाचता. सामू सात म्हणजे मध्यम. समुद्राच्या पाण्याचा सामू आठच्या आसपास असतो. लोणारच्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास मोजला गेला आहे. सामू एका अंकाने वाढला की अल्कतेची तीव्रता दहापट होते, म्हणजे समुद्र आणि लोणार यांतला फरक किती हे तुम्हीच काढा.

येथे एवढा सोडा आला कोठून? कारण साधे आहे. काठावरचे पावसाचे पाणी आणि झऱ्यांचे पाणी काळ्या दगडातले क्षार विरघळवून आत आणते. विवर चहूबाजूंनी बंद. नदी नाही, नाला नाही, सांडवा नाही. आत आलेल्या पाण्याला बाहेर जायला मुख्य वाट एकच, वर आकाशात. पाणी वाफ होऊन जाते, क्षार तिथेच राहतात. हजारो वर्षे हे चालले आहे.

उन्हाळ्यात पाणी मागे सरले की काठावर पांढरा थर उरे. हा खार काढण्याचा लोणारला मोठा धंदा होता. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने सोळाव्या शतकात 'ऐन-इ-अकबरी'त या भागाची नोंद करताना काच आणि साबण यांना लागणारे सामान येथे मिळते, असे लिहून ठेवले. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तळे पाहून त्याची माहिती जगापुढे नेली. खाराच्या प्रतीप्रमाणे त्याला वेगवेगळी नावे होती : डल्ला, खुप्पल, भुसकी, पापडी. यातला 'पापडी' हा शब्द ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

लोणासुराची गोष्ट

लोणारला गेलात आणि लोणासुर ऐकला नाही तर फेरी अर्धी राहिली. पुराणात लवणासुर, लोकांच्या तोंडी लोणासुर. हा दैत्य जमिनीखालच्या बिळात राहायचा, वरून दगडाचे झाकण ओढून घ्यायचा. रात्री-बेरात्री बाहेर यायचा, आजूबाजूचा मुलूख लुटायचा, देवांनाही जुमानत नसे. तो राहतो कोठे हेच कोणाला सापडेना. शेवटी देव विष्णूकडे गेले. विष्णूने देखण्या तरुणाचे रूप घेतले आणि लोणासुराच्या दोन बहिणींशी बोलणे वाढवले. बहिणींनी भोळेपणाने भावाचा ठिकाणा सांगून टाकला. मग विष्णूने पायाच्या अंगठ्याने ते झाकण उडवले, आत झोपलेला दैत्य उठला, तुंबळ लढाई झाली आणि लोणासुर मेला. त्याचे रक्त म्हणजे तळ्याचे पाणी आणि मांस म्हणजे त्यातला खार. उडालेले झाकण दूर धातेफळच्या बाजूला जाऊन पडले, तिथली टेकडी म्हणजे तेच झाकण, असे जुन्या गॅझेटिअरमध्येसुद्धा लिहिलेले आहे. लढाईनंतर देवाने अंगावरचे रक्त धुवायला गंगेला बोलावले, ती काठावरच्या धारेच्या रूपाने आजही वाहते. गावातले दैत्यसूदनाचे कोरीव दगडी मंदिर याच विष्णूचे.

आमच्यातला एक पोरगा बारावी शिकलेला. तो म्हणाला, "साहेब, उल्का खरी की लोणासुर?" मी म्हटले, बाबा, उल्काच खरी. पण गोष्ट रचणाऱ्यांचे डोळे उघडे होते हे मान. जमिनीचे तोंड जोराने उघडले गेले, हे त्यांनी ओळखले. खार आतच साठून राहिला, हे ओळखले. आणि खाऱ्याच्या काठावर गोड धार आहे, ही तर सगळ्यांत मोठी गंमत, तीही सांगून ठेवली. धडक बसताना बघायला तिथे कोणीच नव्हते, तरी नुसत्या खळग्याकडे बघून एवढे लावलेले अनुमान कमी नाही.

या पाण्यात जगते कोण?

गुरे या पाण्याला तोंड लावत नाहीत. पण पाणी मेलेले नाही. त्याचा नेहमीचा हिरवा रंग हा निळ्या-हिरव्या शेवाळाचा. त्यातले एक स्पायरुलिना, जे आता औषधाच्या दुकानात गोळ्या करून विकतात. हे शेवाळ सोड्याच्या पाण्यातच जोमाने वाढते. ते कुजले की काठावर सडक्या अंड्यासारखा वास येतो; आमच्यातले काही जण तेवढ्यानेच परत वर निघाले होते! शेवाळावर आणि बारीकसारीक किड्यांवर पक्षी जगतात. शेकाट्या लांब तांबड्या पायांनी चिखल तुडवीत असतात, टिबुकल्या बुडी मारतात, हिवाळ्यात चक्रवाक आणि इतर बदके येतात, कधी रोहित पक्ष्यांचा थवाही उतरतो. उतारावर मोर, वानरे, घोरपडी. सारा परिसर अभयारण्य आहे.

डोळ्यांना न दिसणारे जीव तर याहून नवलाचे. येथल्या पाण्या-चिखलातून शास्त्रज्ञांनी असे जिवाणू वेगळे केले, जे आधी जगाला माहीतच नव्हते. २०१२ मध्ये अशा एका जिवाणूला 'सेसेम्बिया लोनारेन्सिस' असे नाव दिले गेले. आडनाव आपल्या लोणारचे, पहिले नाव हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेवरून. सोड्यात जगणाऱ्या जिवाणूंची विकरे सोड्यातही काम करतात, म्हणून अशा विकरांचा कपडे धुण्याच्या पावडरीत उपयोग होतो. अबुल फजलच्या साबणापासून आजच्या पावडरीपर्यंत हा धागा आहे बघा.

जून २०२० ची गोष्ट तर तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. टाळेबंदीत घरात बसलेलो असताना मोबाइलवर फोटो आले : लोणारचे पाणी गुलाबी झाले! कोणी म्हणे कोप झाला, कोणी म्हणे लोणासुराचे रक्त वर आले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दखल घेतली, नमुने नागपूरच्या नीरी आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. निष्कर्ष असा निघाला की पाणी आटून खार वाढला, तेव्हा 'हॅलोआर्किया' नावाचे मीठप्रेमी सूक्ष्मजीव बेसुमार वाढले आणि रंग त्यांच्या अंगचा. प्रयोगशाळेत पाणी स्थिर ठेवल्यावर ते जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी स्वच्छ झाले. पावसाळ्यात सरोवराचाही रंग निवळला. म्हणजे ती ओहोटीची खूण होती. त्याच वर्षी हे सरोवर रामसर यादीत गेले. नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातले ते दुसरे पाणथळ.

सासू-सुनेची विहीर

तळ्याच्या काठी कमळजा देवीचे मंदिर आहे, नवरात्रात तेथे यात्रा भरते. त्याच्याजवळ एक विहीर. लोक तिला सासू-सुनेची विहीर म्हणतात, कारण एकाच विहिरीत एका बाजूचे पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचे खारे. नाव ठेवणारा घरातला अनुभवी माणूस असावा! सासू खारी की सून, यावर आमच्या गाडीत परतीच्या वाटेवर बराच वाद झाला, महिला शेतकरी सोबत असल्यामुळे निकाल लागला नाही. आम्ही गेलो तेव्हा तळ्याचे पाणी चढलेले होते, विहीर पाण्याखाली. वाटाड्याने नुसते बोट दाखवले. काठाकडून गोड पाण्याचा झरा येतो, तळ्याकडून खारे पाझरते, आणि दोन्ही एका खड्ड्यात भेटतात, असा त्याचा उलगडा.

मी त्या वाटाड्याला म्हटले, आमचा तालुकाच सासू-सुनेची विहीर आहे. खोटे नाही. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी सोनाळा, टुनकीकडे गोड पाणी, संत्र्याच्या बागा. दक्षिणेला पूर्णेकडे, पातुर्ड्याच्या बाजूला सरकले की विहिरीचे पाणी मचूळ, मग खारे, मग तोंडात धरवत नाही असे. अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात हा पट्टा पसरला आहे. जाड गाळाची चिकण माती, कमी उतार, निचरा नाही, ऊन भरपूर. विवराचा काठ डोळ्याला दिसत नाही एवढेच. बाकी हिशेब लोणारचाच. पाणी येते, जायला वाट मिळत नाही, वर उडून जाते, खार राहतो. हे पाणी पिऊन मूत्रपिंडाच्या आजाराने कितीतरी घरे पोळली, हे मी तुम्हाला काय सांगणार, ज्याचे त्याला ठाऊक. वान धरणाच्या गोड पाण्याची एकशे चाळीस गावांची योजना त्यासाठीच आली.

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो. नोकरीला लागून वर्षही झाले नव्हते. दक्षिणेकडच्या एका गावात एका शेतकऱ्याने कर्ज काढून बोअर घेतले, पाणी जोरात लागले. मी गेलो, धार पाहिली, खूश झालो आणि हरभऱ्याला तुषार संच लावा म्हणून सांगून आलो. पाण्याचा नमुना तपासला का, हे मी विचारले नाही. पदविकेत शिकलो होतो, वहीत लिहिले होते, पण धार बघून विसरलो. पहिल्या वर्षी पीक जेमतेम. दुसऱ्या वर्षी पानांच्या कडा करपल्या, रोपे खुजी राहिली, आणि पाणी दिलेल्या रानावर ढेकळे अशी की वखर चालेना. उन्हाळ्यात त्या रानावर पांढरी पापडी आली. शेजारचे कोरडवाहू रान मात्र भुसभुशीत. तो भाऊ मला रागाने काही बोलला नाही. एवढेच म्हणाला, "साहेब, तुमी पाणी पायलं, पण चाखलं काहून नाही?"

लोणारला काठावरची पापडी पाहिली तेव्हा मला ते रान आठवले. तीच पापडी. तिथे तिचा साबण होत होता, इथे तिने माणसाचे रान बसवले. सोड्यातला सोडियम चिकण मातीचे कण सुटे करतो, ओली झाली की माती चिखल आणि वाळली की दगड, हवा-पाणी आत जाईनासे होते. म्हणून एकाच जिल्ह्यात मला दोन उलट गोष्टी सांगाव्या लागतात. लोणारचा खार तिथेच राहू द्या. आपल्या रानात तो येऊ देऊ नका.

लोणारची काळजी उलटी आहे. तिथे धोका गोड पाण्याचा आणि घाणीचा. पूर्वी विवराच्या आत झऱ्याच्या पाण्यावर केळी, मका, भाजीपाला होत असे आणि त्याची खते वाहून तळ्यात जात. लोणार गावाच्या सांडपाण्याचा प्रश्न तर न्यायालयापर्यंत गेला. सांडपाणी आत गेले की पाणी पातळ होते, सामू उतरतो, आणि ज्या जिवांना सोडाच हवा ते मागे पडून कोठेही वाढणारे साधे जीव पुढे येतात. उद्या या तळ्यात मासा खेळताना दिसला तर ती आनंदाची बातमी समजू नका. गोड पाण्याचे तळे कोठेही खोदता येते, लोणार खोदता येत नाही. त्या तालुक्यातले सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी हा लेख वाचत असतील तर त्यांनी शोषखड्ड्यांचे काम कागदावर ठेवू नये, एवढे मात्र म्हणतो.

आपल्याकडे काय करायचे? खारपाणपट्ट्यात विहीर-बोअरचे पाणी तपासल्याशिवाय रानाला द्यायचे नाही. अहवालात विद्युत वाहकता ०.७५ डेसीसायमनपर्यंत असेल तर साधारण ठीक; २.२५ च्या वर गेली तर ते पाणी सिंचनाला नको, मग धार कितीही मोठी असो. मधल्या आकड्यांत सोडियमचे प्रमाण आणि पीक बघूनच ठरवावे. हरभरा अशा पाण्याला फार नाजूक. पावसाचे गोड पाणी जिथे पडते तिथेच अडवावे. आपली माती चिकण, पाणी लवकर मुरू देत नाही, एरवी हा दोष, पण शेततळ्यासाठी तो गुणच. त्या पाण्याच्या एक-दोन संरक्षित पाळ्या कपाशीला, हरभऱ्याला पुरतात. पेरणी उताराला आडवी, सऱ्या काढून. जादा पाण्याला मात्र वाट ठेवायची. रान बसले असेल तर माती परीक्षण करून सांगतील तितके जिप्सम उन्हाळ्यात टाकावे आणि धैंचा किंवा ताग पेरून फुलावर यायच्या आत गाडावा. जिप्सममधले कॅल्शियम सोडियमला कणांवरून हुसकावते, पावसाचे पाणी त्याला खाली नेते. निचऱ्याची चरी नसेल तर तो जाणार कोठे? मग झाले पुन्हा लोणार.

त्या भावाने पुढे शेततळे घेतले, दोन वर्षे जिप्सम आणि धैंचा केला. बोअर बंदच ठेवले. रान अजून पूर्वीसारखे झाले नाही, पण गेल्या हंगामात वखर चालला. लोणारच्या सहलीला तो सोबत होता. काठावरून निघताना त्याने चिमूटभर पापडी कागदाच्या पुडीत घेतली, तेव्हा मी त्याला थांबवले, अभयारण्यातून काही न्यायचे नसते. त्याने पुडी तिथेच झटकली, हात पँटला पुसले आणि म्हणाला, "राहू द्या, माह्या घरी हाये."

पाण्याच्या नमुन्याबद्दल बरेच जण विचारतात, म्हणून लिहितो. पंप अर्धा तास चालू द्यावा. स्वच्छ प्लास्टिकची लिटरभराची बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळावी. साबण लावू नये, औषधाची बाटली तर मुळीच नको. बाटली गळ्यापर्यंत भरून झाकण घट्ट लावावे. चिठ्ठीवर नाव, गाव, गट नंबर, विहीर की बोअर, खोली आणि तारीख लिहावी. नमुना दुसऱ्या दिवसापर्यंत जळगाव जामोदच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पोहोचवावा. जाण्याआधी तेथे चौकशी करावी. ज्यांना स्वतः जाणे जमत नाही त्यांनी गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे बाटली द्यावी. एप्रिल-मे मध्ये, ओहोटी पुरती लागलेली असताना घेतलेला नमुना सर्वांत खरा.